बाबालाल अत्तार तेल बघतात

कुपवाड एमआयडीसीत, वजनकाट्याच्या मागच्या गल्लीत
ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगचं शेड आहे.
मी तिथं पहिल्यांदा गेले ती पाच लिटरचा कॅन घेऊन,
सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं आवळलेला.
आत भंगारातलं तेल, काकवीसारखं दाट, फुकटचं.
पॉलिटेक्निकच्या प्रदर्शनात मला ठिणगी पाडायची होती
हातभर लांब, सगळ्या पोरांसमोर.
काचा कापून झाल्या होत्या. पत्रा तयार होता.
राहिलं होतं फक्त तेल.

बाबालालचाचांनी कॅन उघडू दिला नाही.
"कशातनं काढलंस?"
एक हिरवा डबा होता. जुना. पाटी उचकटलेली.
"मग झाकण राहू दे. आणि आधी हात धू. साबणानं.
कोपरापर्यंत."

त्यांचे आजोबा मिरजेच्या उरुसात अत्तर विकायचे.
मनगटावर थेंब, थेंबाला नाक, नाकावर भाव.
"आमच्या घराण्यात तेल वासानं ओळखत्यात," चाचा म्हणाले,
"मी ती रीत मोडली. अनोळखी तेलाला
मी नाक देत नाही."

मग जाड मोजे चढवून, शेडच्या दाराशी वाऱ्यात बसून,
काडीच्या टोकानं एक थेंब
पाण्याच्या बाटलीत सोडला.
थेंब तळाला गेला.

तेल बुडताना मी कधी पाहिलं नव्हतं.
दिवाळीत नाही, कढईत नाही, गॅरेजच्या डबक्यात नाही.

"ह्यात ते जुनं क्लोरीनवालं असणार.
आता कुणी भरत नाही. कातडीतनं आत जातं
आणि अंगातच घर करतं."
आणि तरंगलं असतं तर?
"तर काहीच कळलं नसतं."

कॅनवर लाल रंगानं फुली मारली. सुतळीसुद्धा पिशवीत.
गटारात नाही, बांधावर नाही, भट्टीत तर नाहीच,
विषारी कचऱ्याची गाडी येईल तेव्हा जाईल.
माझे फुकटचे पाच लिटर.

घरचं गोडेतेल घालू का, मी विचारलं.
ते हसले. "खवट होतंय ते. भजी तळ त्याची."
एरंडेल चालेल म्हणाले, पण ते बुडबुडा सोडत नाही,
आणि काचेत अडकलेल्या बुडबुड्यातच
पहिली ठिणगी पेट घेते.
शेवटी सीलबंद डबा काढला, नवा,
आणि नवा असूनही मशिनीत लावला:
दोन पितळी गोळ्या, मधे अडीच मिलिमीटर,
काटा चढत गेला, बावन्नला कडाड् झालं.
शेजारच्या उघड्या पिंपातलं अठरालाच तुटलं.
"ऑगस्टची हवा. कृष्णा पिंपात उतरते बघ."

ठिणगी चार बोटं पडली.
दुसरा नंबर. पहिला कुणाच्या तरी ठिबक सिंचनाला.

चाचांची डावी करंगळी सरळ होत नाही.
तेलानं नाही. बटण बंद करून तास झाला होता,
जेवून, पान खाऊन आले होते,
आणि डबा अजून भरलेलाच होता.
म्हणून मला त्यांनी लांब दांडीची काठी दिली,
टोकाला रेझिस्टर आणि हूक,
आणि दोनदा टेकवायला शिकवलं. एकदा,
मग थांबून पुन्हा.

आता मी लॅबमध्ये शिकवते. तो काचेचा डबा
वरच्या फळीवर आहे, तेल अजून पाण्यासारखं नितळ.
त्याच्या दोन्ही टोकांना जोडणारी तांब्याची तार
पोरं विचारतात, कशाला? रिकामाच तर आहे.
मी स्टुलावर चढते,
तार घट्ट आहे ना, बघते,
मग उत्तर देते.