सीटखालची चिठ्ठी

टायर रात्रीच दाबून बघते मी, अंगठ्याने,
बाजारात पपई दाबतात तसं नाही,
नख पांढरं होईपर्यंत.
पहाटेचा अंगठा अर्धा झोपेत असतो,
काहीही खपवून घेतो.

दोन बाटल्या. एक फ्रीजरमध्ये आडवी, अर्धीच भरलेली,
सकाळी वरून माठातलं पाणी ओतायचं.
गारवा धानोऱ्यापर्यंत पुरतो,
वैशाखात अडावदलाच संपतो.
मिठाची पुडी, गुळाचा खडा.
केळी नाही. केळीच्या मुलखात केळी बांधून कोण नेतं?

चोपड्याहून सव्वाचारला निघायचं.
हा रस्ता सरळ उगवतीला जातो.
सूर्य वर आला की तो माझ्या डोळ्यात,
आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही.
त्याला मी दिसत नाही, फक्त उजेड दिसतो.
म्हणून उगवायच्या आत किनगावला पोचून वळायचं,
परत येताना ऊन पाठीवर घ्यायचं.
हे मला कुणी शिकवलं नाही.
एकदा एक आरसा माझ्या कोपराला घासून गेला, तेव्हा कळलं.

केळीचा पाला सांडलेला दिसला की ब्रेक दाबायचा नाही,
हँडल वळवायचं नाही,
श्वास धरून सरळ निघून जायचं.
ट्रॅक्टरने शेतातून काळी माती आणून टाकली असेल, तरी तेच.

आणि काटे.
बोरीच्या फांद्यांची कुंपणं हलवतात त्या दिवसांत
प्रत्येक गाडी थोडं थोडं कुंपण रस्त्यावर पेरत जाते.
मी ट्यूब बदलायची, चार किलोमीटरवर पुन्हा फुस्स.
तेव्हा सुपडू मिस्तरी हसला होता.
म्हणाला, टायरच्या आतून बोट फिरवता ना?
बोटाला कळत नाही.
कापूस फिरवा. जिथे कापूस अडकला, तिथे काटा.
वाटेवरच्या शेतातून एक बोंड घ्या,
एका बोंडाने कुणी गरीब होत नाही.

तेव्हापासून सीटखालच्या पिशवीत
ट्यूब, दोन लिव्हर, पाचशेची घडी केलेली नोट,
चिमूटभर कापूस,
आणि चिठ्ठी.

चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी,
बॉलपेन घामाने फुटतं.
नाव, रक्तगट, कुणाला कळवायचं.
आणि तो नंबर वर्षातून एकदा लावून बघावा.

मी सात वर्षं लावला नव्हता.
या संक्रांतीला लावला.
नंदुरबारच्या खताच्या दुकानातल्या माणसाने उचलला.
"विश्वंभर? इथे कुणी विश्वंभर नाही, ताई.
युरिया पाहिजे होता का?"
नको म्हटलं.
तो तरी थांबला थोडा वेळ, फोन धरून.
मागे कुणीतरी पोती मोजत होतं,
सतरा, अठरा, एकोणीस.

मग खोडरबर घेऊन बसले.
मावसभाऊ पुण्याला. त्याची झोप दहापर्यंत.
ऑफिसमधल्या कालिंदीबाई रडतील आधी, मग पत्ता विचारतील.
तलाठीसाहेबांचा नंबर लिहिला आणि लगेच खोडला,
कागद तिथे पातळ झाला.

सुपडूच्या दुकानी गेले, चेन दाखवायचं निमित्त करून.
तुमचा नंबर टाकू का, म्हटलं.
त्याने चेनवरून चिंधी फिरवली, काळी बाजू आत दुमडली.
"माले फोन उना तं मी काय करसू?"
याल ना, म्हटलं.
"यीसू ना. पण पहिले सायकल देखसू, मंग तुमले."

चेनचे पैसे घेतले त्याने. वीस रुपये.
नंबर स्वतः सांगितला, दोनदा,
मी नीट लिहिला का ते बघितलं,
आठाचा सात झाला होता, तो दुरुस्त करायला लावला.

आज चार वाजता उठले.
पाणी भरलं. टायर ठीक आहे, रात्रीच बघितला.
गल्लीत कुत्रं एकच, ओळखीचं.
मागचा दिवा लावला.
तो मला बसल्या जागेवरून कधीच दिसत नाही,
दर वेळी उतरून मागे जाऊन बघावं लागतं.
गेले. लागला होता.