उष्टं

टोलीडो, ओहायो. फेब्रुवारी.
संग्रहालयाच्या तळघरात, पांढऱ्या दिव्याखाली,
साडेपाच फुटी चेरी पाय
टेबलावर आडवा पडलाय.
मराठीत लिहिलं की त्याचा पायच होतो.
असू दे. कडेला प्लास्टर आहेच,
आणि मोडलेलाही आहे.

कॅनव्हास, इनॅमल रंग, आत सावरीचा कापूस. १९६३.
लॉर्ना पिट्झर: दिवसा लंच काउंटरवर वेट्रेस,
रात्री गॅरेजमध्ये शिवणयंत्र.
पॉप आर्टच्या जाडजूड ग्रंथात तिच्यावर तीन ओळी.
त्यातली एक तिच्या पायांबद्दल,
मराठी अर्थानं.

साठ वर्षांची धूळ, सिगारेटचा पिवळा थर
कशानं निघतो?
सॉल्व्हंटनं रंग सुटतो. पाण्यानं कापड आटतं.
शेवटी कापसाची काडी जिभेवर फिरवायची
आणि हलक्या हातानं, गोल गोल.
लाळ.
यात गंमत नाही, अभ्यासक्रमात होतं आम्हाला.
सकाळी कॉफी न पिता यायचं,
लिपस्टिक लावायची नाही.

मिरजेला स्टेशन रोडवर आईची खानावळ होती.
महिन्याचे मेंबर, बेचाळीस ताटं.
उष्ट्या हातानं डाव धरलास तर बघ, म्हणायची,
आणि मी धरायचेच.
आता महिन्याचा पगार घेऊन
अमेरिकेचा अख्खा पाय
काडी-काडीनं उष्टा करतेय.

एप्रिलमधल्या प्रदर्शनासाठी पेट्या येतायत.
साओ पाउलो, ओसाका, वॉर्सा.
व्हर्नन खिळे उपसता उपसता म्हणतो,
सगळीकडे हेच ना? डबे, ओठ, मोटारी?
हेच रे.
पण ब्राझीलच्या ओठांवर चिकटपट्टी आहे.
ओसाकाच्या डब्यावर इंग्रजी अक्षरं चुकलीत,
मुद्दाम की काय, कोण जाणे.
आणि पोलंडच्या सॉसेजपुढे रांग लागलीय,
चौकटीबाहेर जाणारी.
ज्यांच्या दुकानात माल होता त्यांनी माल रंगवला.
बाकीच्यांनी काच रंगवली,
बाहेरून दिसते तशी.

मागची शिवण उसवलेली.
दबलेला कापूस चिमट्यानं उपसताना
कागद लागला.
हिरव्या रेघांची ऑर्डरची चिठ्ठी:
टेबल चार. पाय दोन. कॉफी एक.
खाली शिसपेन्सिलीनं,
पैसे न देता गेले.

कॉफी एकच.
दोघांत, की दुसऱ्याला नको होती?

आईच्या वहीत असे पुष्कळ होते.
पोतनीस, रेल्वे, चार महिने.
नावावर ती काट मारत नसे,
पुढे नुसता एक ठिपका देई
आणि पान उलटी.

व्हर्नन म्हणाला, वर कळव,
काचेखाली ठेवतील, छोटा दिवा वगैरे लावून.
मी फोटो काढला. नोंद केली:
आत आढळलेली वस्तू, एक. आहे तिथेच ठेवली.
कापूस भरला, चिठ्ठी सारली
साधारण तिसऱ्या चेरीच्या मागे,
आणि जुन्याच भोकांतून टाका घातला.
बुडवलेल्या पैशांवर
एवढं मोठं काहीतरी शिवून बसवलं बाईनं.
ते मी का म्हणून उसवू?

दुपारी बाराला डबा घेऊन पार्किंगमध्ये,
कारण पायपासून पन्नास फुटांत अन्न आणायला मनाई.
मुंग्या येतात.
बाहेर उणे अकरा. गाडीत बसून पोळी, मटकीची उसळ.
बोटं चाटली, आणि मग आठवलं
की दुपारभर हीच जीभ लागणार आहे.

दार उघडून खळखळून चूळ भरली.
बर्फावर एक ठिपका पडला, हळदीचा.
सपाट रंग, कड एकदम स्वच्छ.
पाचेक मिनिटं टिकला असेल.