अंगठा रांगेत नसतो

रविवारी सकाळी दहाला, नेरूळमध्ये,
सोसायटीच्या पार्किंगमध्ये
टेबल टेनिसच्या टेबलावर प्लास्टिक अंथरून
आम्ही सातजण हात करायला बसतो.
केणीबाई म्हणतात, आधी बोटं करू नका.
मी आधी बोटं करतो.
पाच वळ्या, एकसारख्या, आज्ञाधारक.
"ह्या काय, भेंड्या?"
आणि सगळ्या उपटून
गोळ्यात परत घालतात.

आधी तळवा. तळवा म्हणजे पाटी नव्हे,
अर्धी ओंजळ आहे ती,
घोटभर पाणी थांबेल इतकी खोल.
मग मनगट. ते गोल नसतं,
चपटं असतं, बघा आपापलं धरून.
मी माझं धरतो. चपटं आहे.
एकसष्ट वर्षांचा झालो,
गोल समजून घड्याळ बांधत आलो.

बोटं मागून लांब दिसतात, पुढून आखूड.
मधे कातडीची झालर असते,
ती पुढच्या बाजूने वर चढते.
खालची पेरं सरळ ओळीत नसतात,
कमानीत बसतात, मधलं सगळ्यांत वर.
हे सगळं रोज माझ्या ताटावर वाकत होतं
आणि मी भाजीत मीठ आहे का बघत होतो.

आता अंगठा.
अंगठा रांगेत नसतो, बाई म्हणतात.
हात टेबलावर पालथा ठेवा.
चार नखं छताकडे बघतात,
पाचवं भिंतीकडे.
सगळ्यांचं इथेच चुकतं.

माझं चुकायला नको होतं.
एकतीस वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयात
मी लोकांचे अंगठे धरले.
आधी शाईच्या डबीवर, नंतर काचेवर,
डावा, डावा हो आजोबा, जरा दाबून, हलू नका.
खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड.
अंगठा तेवढा माझ्याकडे यायचा,
बाकीचं माणूस
टेबलापलीकडे राहायचं.

एकीचं नाव आठवतं. चांगुणाबाई भोपी.
हक्कसोडपत्र, भावाच्या नावे.
मशीन तिला घेईना.
पाच वेळा लाल दिवा.
मी ओल्या फडक्याने अंगठा पुसला,
ड्रॉवरमधलं खोबरेल लावलं.
वकिलाने घड्याळ पाहिलं, भावाने छत.
"मिठानी खाल्ल्या रं बाबा रेगा,"
ती म्हणाली,
"लानपनापासून मिठागराव हाय मी."
माझीच काही वस्तू तिच्याकडून हरवली असावी,
अशा आवाजात.
सहाव्या खेपेला हिरवा लागला.
मी म्हटलं, झालं, या आता.
मागे रांग होती.

कोरणीने रेघा मारा, बाई सांगतात,
फार खोल नको, कातडी आहे, गटार नाही.
मी तर्जनीला मारतो, मधल्या बोटाला,
अनामिकेला जरा जास्तच होतात.
अंगठ्याशी येऊन थांबतो.
बसवताना दाबला होता तिथे
माझाच ठसा उमटलाय,
चक्रं, वळणं, सगळं स्पष्ट,
पहिल्या झटक्यात हिरवा दिवा लागेल असा.

पाण्यात बोट बुडवून
मी तो पुसायला लागतो.
"अहो, छान आला होता की," केणीबाई म्हणतात,
"खरा वाटत होता."
मी काही बोलत नाही. पुन्हा पाणी घेतो.
माती आधी चिकट होते, मग गुळगुळीत,
मग नुसती थंड.
पेराखालचा मांसल उंचवटा तसाच ठेवतो.
ज्या हाताने फावडं ओढलं
त्याचा तिथे घट्टा असणार.
असणार. मी बघितला नव्हता.

पावणेबारा. बायकोचा फोन येऊन गेलाय.
ओल्या फडक्यात गुंडाळून
वर दुधाची पिशवी चढवतो,
वाळला तर तडकेल.
बसमध्ये मांडीवर धरून बसतो,
पालथा की उताणा, हे वरून कळत नाही.

करंगळी अजून भेंडीच आहे.
ती पुढच्या रविवारी.