लोखंडी चाकं

ट्रॅक्टर चालेल, पण चाकं लोखंडी हवीत.
रबर मऊ असतं, वडील म्हणाले होते,
आणि मऊ चाकांवरून पोरं शहराकडं घरंगळतात.
एवढाच नियम. बोलिव्हियाच्या या सपाट मातीत
चाळीस वर्षं तो आमच्या हाडांत खडखडतोय.

वडील म्हणजे बाप नव्हे,
मेनोनाइट मंडळीचे वडील, कोर्नेलियस फेर.
चार गाई, एक डोळा अधू,
प्रवचन वाचताना ओळीवरचं बोट
शेवटच्या आमेनपर्यंत उचलत नाहीत.

मी सांताक्रूझहून टायर आणले. जुने, पण चार.
रात्री कंदील टांगून चढवले
आणि पहाटे ज्वारीच्या कडेनं असा गेलो
की कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.
खोटं कशाला बोलू, त्या शांततेत मला देव भेटला.
त्याहून जास्त, कुंपणापलीकडचं
इझाक नॉयडॉर्फचं उघडं पडलेलं तोंड भेटलं.

चीजच्या शेडमध्ये आम्ही सातजण जमलो.
सगळीच मंडळी पवित्र आहे, मी म्हणालो,
मग हा एकटाच उंच का?
शास्त्रात हे वाक्य कोरहाच्या तोंडी आहे,
मला ठाऊक होतं.
तरी बोललो. जिभेला गोड लागलं.

रविवारी माझं नाव वाचलं गेलं.
त्या दिवसापासून आगानेता माझं ताट
शिवणयंत्रावर मांडायची.
जेवणाच्या टेबलापासून वीतभर अंतर.
धाकटी ते रोज बोटांनी मोजायची.
सातांतला एक डेअरीच्या कर्जात होता,
एकाची बायको रडली,
इझाक तर म्हणाला, शेड? कुठली शेड?

मी भुई दुभंगायची वाट पाहिली.
कोरहाला गिळलं, तशी मलाही गिळेल,
निदान मग कळेल की वर कुणीतरी ऐकतंय.
भुई फाटली नाही.
पाऊस झाला, आणि नुसती चाकोरी पडली.

मग एका संध्याकाळी ते आले.
सोबत कुणी नाही. बूट हातात, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.
माझ्याकडं उत्तरं तयार होती, पाठ केलेली, धार लावलेली.
त्यांनी विचारलं, पान्हा आहे का?

आणि बसले खाली. एकाहत्तर वर्षांचा माणूस,
चाकापुढं, जणू पाय धुवायला.
पहिला नट सुटला. दुसरा अडला.
बघत राहिलो मी. हात खिशातच.

माझ्या थोरल्यानं टायर लावले नव्हते,
ते चाकाशी बोलल्यासारखं बोलले,
तरी गेलाच तो.

मग नियम कशाला?

बराच वेळ नुसता पान्हा घसरत राहिला.
ठाऊक नाही, योहान.
माझ्या हाती आला तेव्हाही तो गंजलेलाच होता.
मी मोशे नाही. मला तर नीट बोलताही येत नाही.

मोशेलाही येत नव्हतं,
हे मी त्यांना सांगितलं नाही.
पान्हा मात्र घेतला हातातून.

यात चमत्कार काही नाही.
पुढच्या रविवारी गुडघे टेकले,
तोंडात थुंकी दाटली, ती गिळली.
नियम चुकीचा आहे असं मला आजही वाटतं.
आज्ञा पाळली, की थकलो होतो,
की एका म्हाताऱ्याची पाठ बघवली नाही?
नम्र झालो म्हणावं, तर म्हणतानाच छाती फुगते.

आता पुन्हा दात खडखडतात ज्वारीतून जाताना.
आगानेता मीठ पुढं सरकवते, न मागता.
तीन टायर इझाकनं नेले,
पोरांच्या झोपाळ्याला, म्हणे.
चौथ्यात कोंबडी बसलीय अंड्यांवर.

परवा वडील आले होते, तिला पाहून थांबले,
अधू डोळा बारीक केला,
काही बोलले नाहीत.
मीही तिला उठवलेलं नाही.