शेवटची चौकट

कोरेगावात, इकबालच्या पंक्चरच्या दुकानाबाहेर
दौलूआबा लढाई सांगतात.
गेल्या बुधवारी रणगाडे तीन होते,
आज सतरा; त्यातला एक तर म्हणे
त्यांनी नुसत्या पान्यानं उघडला.

मी तेच काढते, वहीच्या मागच्या पानांवर.
आबा म्हणजे पत्र्याचा रोबो,
मिशांच्या जागी दोन स्प्रिंगा,
छातीवर मीटर, बाता वाढल्या की काटा लाल.
चौथ्या चौकटीत तो डोंगर उचलतो.
पाचवीत डोंगरच म्हणतो, "आबा, पुरे."

सहावीत छोटा रोबो विचारतो,
"पण तुमच्या दंडावर 'लंगर' का लिहिलंय?"

आबांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं.
वाटलं, हसतील, नाहीतर कान पिळतील.
म्हणाले, "किटली काढायची राहिली गं.
त्या रात्री अकरा मगांत चहा ओतला.
सकाळी धुवायला चारच आले."

मग इकबालकडं वळून, मोठ्यांदा :
"सतरा नव्हं रं, एकोणीस रणगाडे!"

मी लाल काटा खोडला.
किटली काढली.
वाफ मात्र काही केल्या जमेना.