प्रश्न पाचवा, गुण दहा

‘आठ वर्षांच्या युद्धाची राजकीय उद्दिष्टे साध्य झाली का?
सकारण लिहा.’

बसऱ्यात वीज गेली आहे. शेजारच्या जनरेटरची तार
खिडकीतून टेबलापर्यंत येते, तिच्यावर एकच दिवा.
बेचाळीस उत्तरपत्रिका. एकतीस तपासून झाल्या.
एकतिसांनीही पुस्तकातलंच लिहिलंय,
आणि पुस्तक मी शिकवायला लागल्यापासून दोनदा बदललं.

पहिल्यात उत्तर होतं : होय, सर्व.
मुलं ‘सर्व’खाली रेघ मारायची, काही जण दोन.
दुसऱ्यात तो धडाच नव्हता,
सहासष्टनंतर एकदम एकोणऐंशीवं पान.
आताच्यात ‘काही अंशी’ आहे.
काही अंशी लिहिणाऱ्याला मी सहा देतो.
नमुना उत्तर तसं सांगतं.

बत्तिसावी हसना मिझहिरची.
अक्षर गिचमिड, समास सोडलेला नाही.

ती लिहिते :
आधी अर्धी शत्त आपली होती. आपल्याला सगळी नदी हवी होती.
नंतर अर्धी आपली राहिली.
सरहद्द म्हणजे नदीच्या सगळ्यात खोल पाण्याची रेघ, असं तहात आहे.
पण माझे आजोबा चासिब होडी हाकायचे, ते म्हणतात,
बुडालेल्या जहाजांवर गाळ चढला
आणि ती रेघ सरकली.
कुठल्या बाजूला, ते आजोबा सांगत नाहीत.
म्हणजे आपण जिंकलो असू तर होडीच्या रुंदीइतकं,
हरलो असू तरी तेवढंच.
(आजोबांची खजुराची झाडं दोनशे दहा होती.
त्यांची डोकी उडाली, खोडं उभी आहेत.
हे राजकीय आहे का ते मला कळलं नाही,
म्हणून कंसात लिहिलं.)

‘विषयांतर’ असं समासात लिहायचं, तर समास नाही.

लढाई थांबली त्या रात्री मी एकोणीस वर्षांचा.
सगळं शहर गच्च्यांवर चढलं होतं,
ज्याच्याकडे जे होतं ते त्यानं आकाशात झाडलं.
आठ वर्षांत आमच्या घरावर एक गोळा पडला नाही.
आतल्या खोलीच्या पत्र्याला भोक आहे ते त्या रात्रीचं,
कुणीतरी आनंदानं वर पाठवलेल्या गोळीचं.
ती वर राहिली नाही.
भोकाखाली खाट होती.
खाटेवर मुझाहिम, माझा थोरला भाऊ,
दोन दिवसांपूर्वी आघाडीवरून आलेला,
इतक्या आवाजातही गाढ झोपलेला.

त्याचं नाव शहिदांच्या यादीत घ्यावं की नाही
यावर अकरा महिने कागद फिरले.
मृत्यू तहानंतरचा. शत्रू हजर नाही.
शेवटी एका कारकुनानं, माणूस वाईट नव्हता,
आईला चहाही मागवला त्यानं,
रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून भरला.
कारण : जल्लोष.

आई तो कागद कुणालाही वाचायला द्यायची.
वाचून झाला की विचारायची, बरोबर आहे का?

हसनाला किती द्यायचे?
चार लिहिले, खोडले. नऊ द्यावेत
तर मुख्याध्यापक बोलावून म्हणतील, सकारण सांगा.
नमुना उत्तरात नदी आहे. गाळ नाही.

तिनं पुरवणी मागितली होती.
जोडलीय दोऱ्यानं, नीट गाठ मारून.
वर नाव, क्रमांक, ‘प्रश्न पाचवा पुढे चालू’,
आणि खाली कोरी.
घंटा झाली असेल.
उजेडापाशी धरून पाहिली,
पेन्सिलीनं काही लिहून खोडलंय का.
नाही.

शेजाऱ्यानं जनरेटर बंद केला. म्हणजे अकरा वाजले.
उरलेल्या दहा उद्या.
ही त्यांच्यात ठेवतो.