रकाना चार : वापर

तहसीलचा छापील कागद खिशात घेऊन निघालो होतो.
रकाना तीन : वास्तूचे नाव.
रकाना चार : सध्याचा वापर.
अनेरच्या काठाकाठानं जीप जिथवर गेली तिथवर गेली,
मग सागाची वाळली पानं,
पायाखाली पापडासारखी मोडत,
आणि टिटवीबर्डीच्या माथ्यावर तो घुमट,
गंजून विटकरी झालेला,
दक्षिणेला कपाळापर्यंत उभा चिरलेला.

दारावरच्या दगडात 'वे' होतं, शेवटी 'शाळा' होतं,
मधल्या अक्षराचा पोपडा गळून गेलेला.
मी लिहिलं : वेधशाळा.

शेळ्या तशाच सोडून दगुबाई कोळी जवळ आली.
"काय लिखी राह्यना भाऊ?"
"नाव."
"नाव ते येडशाळा शे."

मी हसलो. शिकलेला माणूस हसतो तसा.
म्हटलं, बाई, ड नाही, ध आहे.
वेध म्हणजे नेम, वेध म्हणजे आरपार भोक.
इथे ताऱ्याला बारीक तारेवर धरायचे
आणि घटका मोजायचे.
ती म्हणाली, "ते पन शे."

मग शेळीच्या कानातली गोचीड काढत काढत सांगितलं :
पहिल्या साहेबाच्या काळात तिचा आजा
पोरीचं बोट धरून वर आला होता.
गावात कुणी म्हणालं होतं, डोंगरावर शाळा झाली.
साहेब म्हणाला, इथे कोणी शिकवत नाही.
आजा म्हणाला, "मंग शाळा कसाले म्हंतस?"
साहेबाला उत्तर सुचेना.
अंधार पडेपर्यंत त्यानं दोघांना बसवून घेतलं
आणि पोरीला नळीला डोळा लावायला लावला.

पोर खाली उतरली ती ओरडतच :
"शनीना कानमा बाळी शे!"
ज्याचं नाव घेताना लोक तेल वाहतात
त्याच्या कानात बाळी.
गावानं तिला येडी ठरवलं.
ती जिथे शिकली, ती येडशाळा.
एका रात्रीची शाळा. एकच विद्यार्थीण.
"ती मनी माय," दगुबाई म्हणाली, आणि गोचीड दगडावर चिरडली.

आत कपाटात वाळवीनं अर्धी खाल्लेली वही.
शेवटच्या पानावर सतरा दिवस एकच ओळ : आकाश अभ्राच्छादित.
खाली अंगठा. उखर्डू कोळी, पद खलाशी.
समुद्र इथून किती लांब, आणि डोंगरावर खलाशी!
घुमटाचं चाक दोरानं ओढायचा, तो तिचा बाप.
भिंगं पेटीत घालून बैलगाडीनं गेली,
चाक ज्या दिशेला होतं तिथेच गंजलं.

परतीची जीप आलीच नाही.
दगुबाईनं भाकर दिली, वर मिरचीचा ठेचा,
आणि घुमटाखाली घोंगडी.
रात्री कधीतरी पायानं ढोसून उठवलं तिनं.
"ऊठ. नांगी उनी."
फटीत विंचू चढला होता.
खाली तापीपर्यंत दिवेच दिवे सांडलेले,
वर त्या चिरेत
वाकड्या नांगीचे पाच-सहा ठिपके,
एकेक करून गंजल्या पत्र्याच्या काठाला शिवत.
घड्याळ पाहिलं. चारला दहा कमी.
"नांगी फटमा उनी का मोह गळस," ती म्हणाली,
टोपली उचलून निघालीसुद्धा.
आणि खरंच, उतारावरून
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप् टप्,
आणि आंबूस गोड वास
अंधारातून चढत वर आला.

सकाळी कागद उलगडला.
वापर : निवासी / शेतकी / पडीक.
पडीकवर कचेरीतूनच खूण होऊन आली होती,
कोणाची कोण जाणे, निळ्या शाईची.

तिसऱ्या रकान्यात माझा ध होता,
दगडावर नसलेला. तो राहू दिला.
चौथ्यातली खूण खोडली,
आणि तीन छापील शब्दांखाली, जागा अपुरी पडली तरी,
बारीक अक्षरात लिहिलं :
चालू आहे. चैत्रात, पहाटे.

खाडाखोड केली की शेजारी सही लागते.
केली.